तीसपैकी शून्य

मखमलाबाद, नाशिक
२ सप्टेंबर २०२४

चैताली खैरनार हिला,

माझं नाव यशोदाबाई सहादू काकड. वय चौऱ्याहत्तर. नावावरून तुला काही आठवणार नाही, म्हणून सांगते. ऑगस्टमध्ये तुमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात मी सहा दिवस होते. ताप होता, अंगातलं पाणी कमी झालं होतं. खाट नंबर अकरा. श्रावणातल्या गुरुवारी दुपारी तू हातात कागद घेऊन आलीस. दोन-तीन काहीबाही प्रश्न विचारलेस, मग माझ्या नाकासमोर पेन धरलंस आणि अंगणवाडीतल्या पोराला विचारावं तसं विचारलंस, "आजीऽ, हे काय आहे सांगा बरं?" मी म्हणाले, "तुझ्या बापाला विचार." आता आठवलं?

घरी सोडताना फाइल हातात दिली. मी सातवी शिकलेली आहे आणि माझ्याकडे भिंग आहे. दोन दिवस लावून सगळी वाचली. त्यात तुझा कागद निघाला. तीस गुणांचे प्रश्न आणि प्रत्येकापुढे शून्य. ट्रेमध्ये अंडी लावावीत तशी एकाखाली एक. खाली तुझी सही, नाव, नर्सिंगचं तिसरं वर्ष. तुझ्या कागदावरून डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर लिहिलं, "स्मृतिभ्रंश". तू विचारलंस, त्यांनी उतरवलं, झालं काम.

आता पुढचं ऐक. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा तर पार पिकला आहे. गेल्या आठवड्यात तुमच्याच हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात गेले. खिडकीतल्या बाईनं फाइल चाळली आणि म्हणाली, ऑपरेशनला तुमची सही चालणार नाही, नातेवाइकाची लागेल. मला मूलबाळ नाही. मालक जाऊन बारा वर्षं झाली. नातेवाईक म्हणजे पुतण्या रंगनाथ, शेजारच्या घरात राहतो. तो सही करत नाही. "काकू, या वयात डोळ्याला कशाला हात लावायचा? बसा ना निवांत." एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. तुझा कागद वाचून तो माझ्या गॅसचा रेग्युलेटर काढून घेऊन गेला. काकू गॅस चालू ठेवून विसरतील म्हणे. आता चहा प्यायचा तर त्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं.

माझी अर्धा एकर फुलं आहेत, शेवंती आणि झेंडू. कळी कुठली आणि फूल कुठलं हे हल्ली बोटांनी चाचपून खुडते. मला दिसायला हवं आहे. आणि माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या कागदावर माझी सही हवी आहे.

तेव्हा तो कागद दुरुस्त कर. फोन करू नकोस. तू माझ्याबद्दल लिहून ठेवलंस, म्हणून मीही लिहूनच पाठवते. उत्तरही लेखी हवं.

यशोदाबाई काकड

*

मुलींचे वसतिगृह, इंदिरानगर
९ सप्टेंबर २०२४

आदरणीय आजी,

तुमचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर मिळालं. या वयात तुम्ही स्वतः एवढं मोठं पत्र लिहिलंत याचं मला फार कौतुक वाटलं. सर्व मैत्रिणींना दाखवलं.

आजी, तुमचा थोडा गैरसमज झाला आहे. ती फक्त प्राथमिक चाचणी असते. तिच्यावरून आजार ठरत नाही, ते डॉक्टर ठरवतात. शिवाय त्या कागदावरून केलेली माझी अभ्यासाची केस-फाइल कॉलेजात जमा झाली आहे आणि जमा झालेल्या फाइलमध्ये विद्यार्थ्याला बदल करता येत नाही, असा नियम आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. या वयात थोडंफार विसरायला होणारच. तुमचे पुतणे तुमच्या काळजीपोटीच करत आहेत.

तुम्हाला वाटेल या मुलीला काय कळतंय. पण आजी, आम्हाला ज्येष्ठ रुग्णांशी कसं वागावं याचं खास प्रशिक्षण दिलं आहे, पूर्ण तीन दिवसांचं. आमच्या शुभांगी मॅडमनी आम्हाला गुडघ्यांना बँडेज घट्ट बांधून जिना चढायला लावला, चष्म्याला व्हॅसलीन फासून पेपर वाचायला लावला, कानात कापूस घालून बसवलं. एक तास आम्ही म्हातारपण जगलो. काही मुली तर रडल्या. त्यामुळे तुमचं दुःख मी समजू शकते.

एक आनंदाची बातमी आहे. माझी फाइल वर्गात पहिली आली! १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन आहे, त्या दिवशी ट्रस्टी आणि सगळ्या वर्षांच्या मुलांसमोर मी ती सादर करणार आहे. तुमचं नाव कुठेही येणार नाही, फक्त 'बेड नंबर अकराच्या आजी'. तुमच्यामुळे पुढच्या मुलांना शिकायला मिळेल.

वेळेवर जेवा. भरपूर पाणी प्या.

तुमचीच नात,
चैताली

*

मखमलाबाद
१३ सप्टेंबर २०२४

चैताली,

मी तुझी आजी नाही. मला नातवंडं नाहीत, आणि पोस्टानं नात मागवायची मला हौस नाही. वॉर्डात केस काळे असलेल्या बाईला तुम्ही ताई म्हणत होतात, नाहीतर आडनावानं हाक मारत होतात. केस पांढरे दिसले की ती आजी. मग तिच्या गालाला हात लावायला, तिला "शहाणी ना तू?" म्हणायला तुम्ही मोकळे. तुझ्या त्या मॅडमनी शिकवलं असेल की म्हाताऱ्यांना प्रेमानं हाक मारावी. प्रेम राहू दे. मला माझ्या नावानं हाक मार.

एक तास म्हातारी झालीस म्हणे. मग काय केलंस? बँडेज सोडलंस, चष्मा पुसलास आणि जेवायला गेलीस. माझं व्हॅसलीन पुसून मिळत नाही म्हणून तर मी तुझ्या दारात आले आहे, आणि तू मला पाणी प्या सांगतेस.

तू माझी परीक्षा घेतलीस. आता मी तुझी घेते. वॉर्डात तू रोज यायचीस, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर होतं, तेव्हा अवघड जाऊ नये.

एक, आज तिथी कोणती? दोन, शेवंती कोणत्या वेळी खुडतात आणि का? तीन, माझ्या डाव्या बाजूच्या खाटेवरच्या बाईचं नाव काय? चार, उजव्या बाजूच्या बाईचं? पाच, मला कुठल्या कानानं कमी ऐकू येतं? सहा, मला दुसऱ्या दिवसापासून कोणती वस्तू हवी होती, जी मी रोज मागत होते? सात, माझा चष्मा त्या सहा दिवसांत कुठे होता? आठ, मी रोज पहाटे किती वाजता उठून बसायचे? नऊ, मला भेटायला कोण यायचं आणि तिच्याशी मी काय बोलायचे? दहा, त्या वॉर्डात मला घाबरायला होईल अशी एक गोष्ट होती, ती कोणती?

मोबाइलमध्ये शोधू नकोस. येत नसेल तिथे शून्य लिही. शून्य तुला चांगलं काढता येतं.

यशोदाबाई

*

इंदिरानगर
१८ सप्टेंबर २०२४

यशोदाबाई यांना नमस्कार.

तुमचा पेपर सोडवला. तिथी मला येत नाही. शेवंती ऊन चढायच्या आत खुडत असतील, नाहीतर कोमेजते, असा अंदाज. डाव्या खाटेवर दमा असलेल्या बाई होत्या, उजव्या खाटेवर साखरेच्या. नावं आठवत नाहीत. खरं सांगायचं तर ती मी कधी विचारलीच नाहीत. कान, वस्तू, चष्मा, पहाटेची वेळ यातलं काही माहीत नाही. भेटायला हिरव्या साडीतली एक बाई यायची, तुमची सून असावी. शेवटचा प्रश्न मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरले. उत्तर आलं नाही. दहापैकी दीड धरा.

आता मागच्या पत्रात जे मी लिहिलं नाही ते लिहिते.

त्या दिवशी मी तुम्हाला तीसपैकी पाचच प्रश्न विचारले होते. वार, तारीख, महिना, घड्याळ आणि पेन. तुम्ही माझ्या बापाचा उद्धार केलात. आसपासच्या बायका हसल्या. मला राग आला. पावणेएक वाजले होते आणि वसतिगृहाची मेस एकला बंद होते. मी सिस्टरच्या टेबलाशी गेले आणि उरलेल्या सगळ्या प्रश्नांपुढे शून्य लिहून टाकलं. सिस्टर म्हणाल्या, "अकरा नंबर ना? भांडकुदळ आहे ती, लिही काहीही." मग धावत जाऊन जेवले. वांग्याची भाजी होती, तेही आठवतं.

एका तासाचं म्हातारपण सोडून मी जेवायला गेले असेन, हे तुम्ही रागानं लिहिलंत. पण तुमच्याच बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. ते वाक्य वाचून मला तुमचं पत्र पुढे वाचवेना.

पण यशोदाबाई, आता माझी पंचाईत झाली आहे. फाइल पहिली आली आहे. मॅडम सगळ्यांना तीच दाखवतात. माझं अक्षर, तक्ते, सेवेची आखणी, सगळ्याचं कौतुक झालंय. मी नामपूरची आहे, अहिराणी बोलते म्हणून पहिल्या वर्षी मुली माझी नक्कल करायच्या. पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे मान वर करून पाहतंय.

मला एक मार्ग सुचतो. मी पुढच्या रविवारी मखमलाबादला येते. सगळी चाचणी नीट, सावकाश, पहिल्यापासून घेते. तुम्हाला तीसपैकी तीस मिळतील याची मला खात्री आहे. तो नवा कागद फाइलला जोडला की जुना आपोआप खोटा ठरेल. गाजावाजा काही नको.

चैताली

*

मखमलाबाद
२१ सप्टेंबर २०२४

चैताली,

दीड नाही, दोन गुण देते. शेवंतीचं उत्तर बरोबर आहे. संजना माझी सून नाही, रंगनाथची बायको आहे, पण तू तिची साडी पाहिलीस म्हणून अर्धा गुण वाढवला.

परीक्षा मी देणार नाही. रविवारी येऊ नकोस. खोटं तू लिहिलंस, मग पुन्हा वर्गात बसायचं मी? गाजावाजा नको म्हणतेस. माझ्या बाबतीतला गाजावाजा झालेला आहे. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की काकड काकूंचं डोकं फिरलं. परवा किराणा दुकानात मी साखर मागितली तर दुकानदारानं संजनाला फोन करून विचारलं, देऊ का म्हणून.

जे केलंस ते सांग. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यासमोर सांग. बाकी मला काही नको.

यशोदाबाई

*

इंदिरानगर
२५ सप्टेंबर २०२४

यशोदाबाई,

काल मी शुभांगी मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चैताली, आमच्या वेळी वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असायच्या. आम्ही काय काय भरलंय ते विचारू नकोस." मग म्हणाल्या, पत्रिका छापून गेल्या आहेत, ट्रस्टी येणार आहेत, एक तारखेला आहे तसं सादर कर, नंतर आपण फाइलला एक चिठ्ठी जोडू. तुझं वर्ष कशाला वाया घालवतेस?

आईला फोन केला. ती काही शिकलेली नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुनी चूक शे ना? मंग सांगी टाक. रडी काय ऱ्हायनी?" तिला सोपं आहे. तिला त्या हॉलमध्ये उभं राहायचं नाही.

मी अजून काही ठरवलेलं नाही. तुम्ही चाचणीला का नाही म्हणता तेच मला कळत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्या हातात तुमचे तीसपैकी तीस असले तर मी हॉलमध्ये ताठ उभी राहीन. सांगेन, बघा, ही बाई तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार आहे आणि मी तिला शून्य दिलं. मग कुणाचं काही चालणार नाही. दुसरं कुणी असतं तर मला वाटलं असतं की घाबरतंय. तुम्ही कुणाला घाबरणार?

एक तारखेच्या आत कळवा. मी वाट पाहते.

चैताली

*

मखमलाबाद
२९ सप्टेंबर २०२४
(संजना उद्या शहरात येते आहे, तिच्या हाती देते.)

चैताली,

कळवते.

त्या गुरुवारी तू पहिला प्रश्न विचारलास, आज वार कोणता. मला आठवेना. तारीख विचारलीस, तीही आठवेना. महिना श्रावण एवढं माहीत होतं, पण सांगितलं आणि चुकलं तर, म्हणून तोंड मिटून बसले. आतून सगळं रिकामं झालं. आणि त्यात तू पेन पुढे धरलंस. पेन मला माहीत होतं. पण तोवर माझी एवढी फजिती झाली होती की तुझ्या बापावर गेले. शिवी दिली की लोक शिवीकडे बघतात, हे मला बऱ्याच दिवसांपासून जमतं.

दहाव्या प्रश्नाचं उत्तरही तेच. त्या वॉर्डात एकही दिनदर्शिका नव्हती, घड्याळ बंद होतं. घरी मी सकाळी उठले की तारखेवर काट मारते, म्हणून दिवस हाताला लागतो. रोज मागत होते ती वस्तू दिनदर्शिका. सिस्टर म्हणायची, "आजी, तुम्हाला कुठं ऑफिसला जायचंय?" माझा चष्मा मशिदीशेजारच्या खाटेवरच्या, चुकलं, खिडकीशेजारच्या खाटेवरच्या बाईच्या पिशवीत गेला होता, चौथ्या दिवशी सापडला. बघ, असे शब्द घसरतात हल्ली. खोडत नाही, राहू दे, तू बघ.

दूध दोनदा करपलं. मोटर चालू ठेवून एकदा झोपले, वाफे वाहून गेले. रंगनाथ उगाच घाबरत नाही. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, संजनालाही नाही. तिनं परवा नवऱ्याला न विचारता रेग्युलेटर परत आणून बसवला आणि म्हणाली, "काकू, तुमी हाय तशा लय भारी हाय." मला तेव्हा तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

तेव्हा तुझे तीसपैकी तीस येणार नाहीत. वीस येतील, अठरा येतील, मला माहीत नाही. ताठ उभी राहायला तुला माझी हुशारी हवी होती. ती तेवढी नाही.

आता तुला काय करायचं ते कर. पण एक ऐकून घे. मी विसरते. मग? वार विसरले म्हणून डोळा रंगनाथचा झाला? मोतीबिंदू म्हणजे काय ते मला माहीत आहे. ऑपरेशन झालं नाही तर उजव्या डोळ्यानं पुढच्या वर्षी फक्त उजेड-अंधार कळेल, ते माहीत आहे. शंभरात एखाद्याचा डोळा ऑपरेशननं बिघडतो, माझा तसा बिघडू शकतो, तेही माहीत आहे. आणि तरी मला करायचं आहे. यातला एक तरी प्रश्न तुझ्या कागदावर होता का? शंभरातून सात वजा करा म्हणे. मी शंभरातून सात कशाला वजा करू? मला बघायचं आहे.

यशोदाबाई

*

इंदिरानगर
३ ऑक्टोबर २०२४

यशोदाबाई,

तुमचं पत्र संजनाताईंनी गेटवर दिलं. मी तिथेच कट्ट्यावर बसून वाचलं. दोनदा.

एक तारखेला हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत ट्रस्टी, मागे चारही वर्षांची मुलं. पडद्यावर माझी पहिली स्लाइड आली, 'बेड नंबर अकराच्या आजी'. मी माइक धरला आणि म्हणाले, या बाईंना नाव आहे, ते मी इथे सांगणार नाही, पण त्यांना आजीही म्हणणार नाही. मग सांगितलं. पाच प्रश्न विचारले, पंचवीस गुण मी मनानं भरले, कारण मेस एकला बंद होते. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मी म्हणाले, हसा, पण त्या शून्यांमुळे त्या बाईंची सही बाद झाली आहे आणि त्यांच्या घरातली चूल बंद झाली होती.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं विचारलं, "म्हणजे त्या एकदम ठीक आहेत का?" सगळे माझ्याकडे बघू लागले. हो म्हणाले असते तर सोपं होतं, टाळ्याही पडल्या असत्या. मी म्हणाले, "मला माहीत नाही. ठीक असोत नसोत, त्यांच्या डोळ्याचं त्यांना विचारायला हवं होतं, आणि आपल्यापैकी कुणी विचारलं नाही." तुमच्या पत्रातलं बाकी काही मी सांगितलं नाही आणि सांगणार नाही.

मग आमच्या वर्गातला अश्विन उभा राहिला. म्हणाला, माझ्या फाइलमधले पण निम्मे आकडे मनाचे आहेत. त्यानंतर आणखी चार जण उठले. ट्रस्टी शुभांगी मॅडमकडे बघायला लागले. चहाच्या वेळेआधीच कार्यक्रम आटोपला.

बक्षीस गेलं. मला वॉर्डाचे तीन आठवडे पुन्हा करायचे आहेत. ऑफिसनं खुलाशाचा मसुदा दिला, त्यात लिहिलं होतं, 'नजरचुकीने गुण भरले गेले.' मी सही केली नाही. नजर माझी शाबूत होती. मी 'जाणूनबुजून भरले' असं लिहिलं आणि मग सही केली. क्लार्क म्हणाले, "पोरी, कशाला स्वतःच्या हातानं लिहून देतेस?" मी म्हणाले, दुसऱ्यांबद्दल देतो की आपण लिहून.

संध्याकाळी शुभांगी मॅडमनी बोलावलं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. त्या तोच कोरा फॉर्म समोर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "हा मी तुम्हाला दिला. कसा भरायचा ते शिकवलं. कसा विचारायचा ते शिकवलं नाही." मग माझ्याबरोबर डोळ्यांच्या विभागात आल्या. चाचणी रद्द असल्याचं पत्र तुमच्या फाइलला लागलं, त्यावर त्यांची आणि वॉर्डाच्या डॉक्टरांची सही आहे. डोळ्यांच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, विसरणं आणि सही करता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खिडकीतल्या बाईनं ते परस्पर ठरवायला नको होतं. त्या स्वतः तुमच्याशी बोलतील. ऑपरेशन कशाचं, का करायचं, काय बिघडू शकतं आणि नाही केलं तर काय होईल, हे तुम्हाला समजतंय असं दिसलं की सही तुमचीच. अकरा तारखेला या.

आणखी एक. मॅडम तुमचे दहा प्रश्न मागताहेत. पुढच्या प्रशिक्षणात बँडेज आणि व्हॅसलीन बंद. प्रत्येकानं एका रुग्णाजवळ बसायचं आणि त्या प्रश्नांची उत्तरं शोधून आणायची. देऊ का? विचारल्याशिवाय देणार नाही.

चैताली

*

मखमलाबाद
१५ ऑक्टोबर २०२४

चैताली,

अकरा तारखेला आले नाही. दुसऱ्या दिवशी दसरा होता, झेंडू खुडायचा सोडून डोळे दाखवत बसू का? तसा निरोप धाडला होता. आज जाऊन आले.

प्रश्न वापरा. पण खाली लिहा, यशोदाबाई सहादू काकड, मखमलाबाद. खाट नंबर नको. तिथीचा प्रश्न काढून टाका, तो मी रागानं घातला होता. त्याऐवजी घाला, या माणसाला कशाची लाज वाटते आणि ती तुमच्यासमोर वाटू नये म्हणून तुम्ही काय कराल. ऑपरेशन शुक्रवारी आहे. तुझे तीन आठवडे चालू असतील तर ये. काही विचारायचं असलं तर उभ्यानं विचारू नकोस, स्टूल घे.

आज रंगनाथ बरोबर होता. डॉक्टर बाईंनी मला विचारलं की उत्तर तो द्यायचा. "काकूंना बीपी हाय, काकूंना झेपायचं नाय." दोनदा ऐकून घेतलं, मग बाई म्हणाल्या, "तुमची पाळी आली की तुम्हाला विचारीन." मी सगळं सांगितलं, काय करणार, का, काय बिघडू शकतं. मग त्यांनी सहज म्हणून आजची तारीख विचारली. माझ्या जिभेवर शिवी आली होती. ती गिळली आणि म्हणाले, "आठवत नाही. घरी दिनदर्शिका बघून आले असते तर सांगितली असती." एवढं बोलायला मला चौऱ्याहत्तर वर्षं लागली. बाईंनी मान हलवली, लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

रंगनाथनं हात मध्ये घातला. "काकू, आमच्या दादांना असंच टेबलावर घेतलं व्हतं. परत आले नाय." दादा म्हणजे माझा दीर, याचा बाप. हर्नियाचं ऑपरेशन होतं, चौदा वर्षं झाली. इतके दिवस मला वाटत होतं की त्याला मी आंधळी बरी वाटते. पोरगं भीत होतं. मी म्हणाले, "रंगनाथ, भ्यायचं तर भी. माझ्यासाठी भिणारं तू एकटंच हायेस. पण हात काढ."

त्यानं हात काढला. मी सही केली, पूर्ण नावाची, रेघेच्या थोडी वर गेली. खाली आणखी एक जागा होती, साक्षीदाराची. मी पेन त्याच्या हातात दिलं. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव दोनदा पुकारलं. मग माझ्या नावाखाली त्यानं त्याचं नाव लिहिलं.

यशोदाबाई सहादू काकड